मदत हवी आहे: रक्तपेढीच्या फ्रिजच्या दाराचं रबर सैल, बुरशीही जात नाही

नमस्कार मंडळी. मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. आमचा एक फ्रिज एरवी 4 अंशांवर गुमान चालायचा. हल्ली गर्दीच्या वेळी दार सारखं उघडलं की 5.5 ला लावलेला अलार्म कोकलतो. लाल पेशींना 2 ते 6 च्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी पिशव्या दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवायची धावपळ.

कंडेन्सरवर (फ्रिजमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांवर) धुळीची अक्षरशः गोधडी होती. प्लग काढून मऊ ब्रशने ती साफ केली, थोडा फरक पडला. मग दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली. तीन बाजूंना घट्ट, पण खाली बिजागरीजवळ अलगद सुटून आली! तिथेच रबराच्या घडीत काळी बुरशी आहे. साबणाच्या कोमट पाण्याने पुसली तरी आठवड्यात पुन्हा हजर.

सहकारी म्हणतो, हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) मार. पिशवी फुटून रक्त सांडलं तर आम्ही ते वापरतोच, पण वरचेवर लावलं तर स्टीलला गंज धरतो. 70 टक्के अल्कोहोल रबराला चालेल का, की ते कडक होऊन तडकेल?

रबर बदलल्यावर तुम्ही रिकामा फ्रिज किती तास चालवून बघता? आणि तापमान मोजणारा प्रोब ज्या ग्लिसरॉलच्या बाटलीत बुडवलेला असतो, ते द्रावण कधी बदलता? आमचं गढूळ दिसतंय.

घरगुती फ्रिजचे लिंबू-सोड्याचे उपाय कृपया नकोत.