मंडळाची डिस्क कुठल्या फॉरमॅटमध्ये?

नमस्कार मंडळी,
मंडळासाठी २ टीबीची एक्सटर्नल डिस्क घेतली आहे. नाटकाचं एडिटिंग मॅकवर, फोटो विंडोजवर आणि वेबसाइट लिनक्सवर. फॅट३२ (डिस्कवर फाइली मांडायची जुनी पद्धत) केली तर तिन्हीकडे चालेल ना?
– सचिव

ताई,
चालेल, पण नाटक मावणार नाही. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. डिस्क रिकामी असली तरी कॉपी अडते. विंडोजची एनटीएफएस केलीत तर मॅक नुसतं वाचतो, लिहू देत नाही. मॅकची एपीएफएस विंडोजला कळतच नाही. ते सरळ ‘फॉरमॅट करू का?’ विचारतं आणि कोणीतरी ‘हो’ म्हणतं.

एक्सफॅट करा, ही पद्धत तिन्हीकडे चालते. मॅकला २०१० पासून, १०.६.५ आवृत्तीपासून चालते. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ५.४ आवृत्तीपासून आहे. मॅकवर फॉरमॅट करणार असाल तर डिस्क युटिलिटीत आधी ‘शो ऑल डिव्हायसेस’ करून वरची अख्खी डिस्क निवडा, आतला व्हॉल्यूम (डिस्कचा भाग) नको. स्कीम, म्हणजे डिस्कचे भाग पाडायची पद्धत, जीयूआयडी ठेवा.

एक्सफॅटला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं. लिहिणं चालू असताना केबल ओढली तर फोल्डरच्या फोल्डर गायब होऊ शकतात, म्हणून इजेक्ट केल्याशिवाय काढायची नाही. लिनक्सवर तर कॉपीची पट्टी भरली तरी बराच डेटा अजून रॅममध्येच असतो. शिवाय एवढ्या मोठ्या डिस्कवर विंडोज १२८ केबीचे क्लस्टर (जागेचे कमीत कमी तुकडे) पाडतं, म्हणजे २ केबीची फाइलही १२८ केबी खाते. वेबसाइटच्या हजारो बारक्या फाइली झिप करूनच टाका.
– व्हिडिओ समिती

दादा, बरोबर. त्यात आपल्या मराठी नावांची भर घालतो.
एक्सफॅटमध्ये फाइलचं नाव २५५ चिन्हांपर्यंत चालतं. लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी४ फॉरमॅटवर मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे फक्त ८५ चिन्हं, त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘कार्यक्रम’ दिसायला चार अक्षरं, पण चिन्हं ९ आणि बाइट २७. आपल्या निमंत्रणासारखी लांबलचक नावं डिस्कवरून लिनक्सवर उतरतच नाहीत.

दुसरं, ‘अंतःकरण’मध्ये विसर्गाऐवजी कोलन टाइप झाला असेल तर ती फाइल एक्सफॅट घेत नाही. खरा विसर्ग चालतो. प्रश्नचिन्हही नको, त्यामुळे ‘आता वाजले किती?’ छाप नावांतलं प्रश्नचिन्ह काढा.

आणि मूळ रेकॉर्डिंग मॅकवरून पुसू नका. ही डिस्क ने-आण करायला आहे, बॅकअप म्हणून नाही.
– वेबसाइट समिती