शेजारी सरकारी घरं आली तर भाडं पडणार का?

सी-४०२: शेजारच्या प्लॉटवर अल्प उत्पन्न गटाची घरं येणार म्हणे. माझा भाडेकरू आत्तापासूनच भाडं कमी करा म्हणून मागे लागलाय 😐

ए-१०३: करावंच लागेल. शेजारी निम्म्या भाड्यात घर मिळत असताना तुमच्याकडे कोण येतंय?

बी-२०१: काका, त्या घरांना उत्पन्नाची अट असते, वर प्रतीक्षायादी. सी-४०२ च्या भाडेकरूला तिथे कोण उभं करणार? फरक पडतो तो वेगळ्या वाटेने. यादीतल्यांना तिकडे घर मिळालं की ते आज राहतात त्या खोल्या रिकाम्या होतात. म्हणजे पहिला फटका स्वस्तातल्या, जुन्या खोल्यांच्या मालकांना. आपला नंबर फार नंतर.

सी-४०२: मग मी निवांत?

बी-२०१: एका इमारतीने काय होतंय! व्हिएन्नात जवळजवळ निम्मे लोक पालिकेच्या नाहीतर ना-नफा संस्थांच्या घरांत राहतात. एवढा पर्याय असला की खासगी मालकाला तोंडाला येईल ते भाडं सांगता येत नाही. आणि बांधून भागत नाही, ती घरं राखावी लागतात. ब्रिटनने १९८० च्या कायद्याने कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकांची, घरं भाडेकरूंनाच सवलतीत विकली. त्यातली बरीच आता खासगी मालकांकडे आहेत, बाजारभावाने भाड्याने.

ए-१०३: परदेशातलं राहू द्या. वस्ती उतरली की भाव उतरतो, साधा हिशोब आहे.

डी-१०४: नेहमी नाही हो काका. अमेरिकेत १९८६ पासून करसवलत देऊन अशी घरं बांधून घेतात. स्टॅनफर्डच्या अभ्यासात गरीब वस्तीतल्या अशा इमारतीलगतच्या घरांच्या किमती साडेसहा टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. श्रीमंत, बहुतांश गोऱ्या वस्तीत अडीच टक्क्यांनी घटल्या. हे किमतींचं झालं, भाड्यांचं नव्हे. पण तुमचा साधा हिशोब तिथेच चुकतो.

सी-४०२: म्हणजे आपण गरीब की श्रीमंत ते आधी ठरवा 😄

सेक्रेटरी: मेंटेनन्सची थकबाकी पाहता गरीबच.

ए-१०३: करसवलत म्हणजे शेवटी लोकांच्याच खिशातून ना?

डी-१०४: अर्थात. त्यातही गळती आहे. सरकारी पैशातून घरं होणार म्हटल्यावर खासगी बिल्डर हात आखडता घेतो. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासाचा अंदाज असा की सरासरी दर तीन अनुदानित घरांमागे दोन खासगी घरं बांधलीच गेली नाहीत. निव्वळ भर एका घराची. भाडं हलायचं ते तेवढ्यावरच.

सी-४०२: ते सगळं ठीक, भाडेकरूला काय सांगू?

बी-२०१: करार संपेपर्यंत काही नको. तिकडे अजून पायासुद्धा खणलेला नाही.

सेक्रेटरी: कराराचा विषय निघालाच आहे तर त्याची प्रत ऑफिसात द्या. कधीपासून मागतोय.