तारीख आपल्या हातात नसताना विमान कंपनी कोणती धरावी?

ठाण्याची लेक
बाबांची केमो नागपूरला चालू आहे, मी ठाण्यात. कागदावर दर २१ दिवसांनी एक सायकल. पण आदल्या दिवशी दुपारी रक्ताचा रिपोर्ट येतो आणि पांढऱ्या पेशी कमी निघाल्या की डॉक्टर आठवडाभर पुढे ढकलतात. परतीचंही तसंच. ताप आला नाही तर तिसऱ्या दिवशी निघते, आला तर थांबते.

सात महिन्यांत ९ फेऱ्या झाल्या, त्यांतल्या ४ वेळा जायची तारीख हलली. आता माझं मत पक्कं आहे. मुंबई-नागपूर मार्गावर ज्या कंपनीची दिवसाला सर्वांत जास्त उड्डाणं, तीच धरायची आणि साधं स्वस्त तिकीट काढायचं. तारीख फुकट बदलून देणारं 'फ्लेक्सी' तिकीट मला दर वेळी हजार-अकराशेनं महाग पडत होतं. १८ तिकिटांचे जवळपास २० हजार झाले असते. चार वेळा तारीख बदलायचे प्रत्येकी तीन हजार धरले तरी १२ हजारच होतात. शिवाय फ्लेक्सीत फक्त बदलाचं शुल्क माफ असतं, नव्या दिवसाच्या भाड्यातला फरक भरावाच लागतो. हे अनेकांना काउंटरवरच कळतं.

खिडकीची जागा
ताई, तुमच्या हिशोबात परतीच्या तारखा कुठे आहेत? त्या तर जाण्यापेक्षा जास्त हलत असणार. त्या धरल्या तर तुमचे १२ हजार सहज २० च्या वर जातील. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात मी फ्लेक्सीच घेत होतो. रात्री अकराला हॉस्पिटलच्या बाकावर बसून शुल्काचा विचार करायची वेळ आली नाही, हे मला पैशांपेक्षा मोठं वाटतं.

ठाण्याची लेक
परतीचं तिकीट मी आधी काढतच नाही. आपल्याकडे देशांतर्गत भाडं सहसा एकेरीच ठरतं, येण्याजाण्याचं एकत्र काढून फारसं काही वाचत नाही. डॉक्टर 'जा' म्हणाले की त्याच संध्याकाळचं बघते. महाग पडतं, हे मान्य. फ्लेक्सी १८ नव्हे, जायच्या ९ तिकिटांनाच लागलं असतं, म्हणजे माझे २० हजार खरं तर दहाच्या आसपास, हेही मान्य. पण एकाच प्रवासाचे दोनदा पैसे जात नाहीत.

सीताबर्डी
मी नागपूरचाच. सगळं एका खुंटीला टांगू नका जी. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं हजारोंनी रद्द झाली. देशातले निम्म्याहून जास्त प्रवासी त्यांचेच, मग उरलेल्या कंपन्यांत जागा कुठून येणार? भाडी इतकी भडकली की सरकारला मर्यादा घालावी लागली, ५०० ते १००० किलोमीटरला १२ हजार. आपला मार्ग त्यातच येतो. जास्त उड्डाणं म्हणजे जास्त भरवसा, हे कंपनी धड चालत असेपर्यंतच खरं. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट कंपनीची ३ मे २०२३ ला. म्हणून महिनोन्महिन्यांची तिकिटं आधी घेऊन ठेवू नका, आणि दुसऱ्या कंपनीचं ॲपही फोनमध्ये तयार असू द्या.

रातराणी
विमानच कशाला? दुरांतोत रात्री बसा, सकाळी नागपूर. विदर्भ एक्सप्रेसही आहे. आणि प्रतीक्षा यादीतलं तिकीट रद्द केलं तर जातात किती? अगदी थोडे.

ठाण्याची लेक
रातराणी, गाडीनं मीही सुरुवात केली होती. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं. रिपोर्ट हाती पडतो दुपारी आणि मला त्याच रात्री निघायचं असतं, म्हणजे त्या गाडीचं तत्काळ कालच संपलेलं. रिपोर्टआधी काढून ठेवावं तर कन्फर्म तत्काळचा परतावा शून्य. स्वस्त विमानापेक्षा ते वाईट.

सीताबर्डी, तुमचं मात्र पटलं. मी उड्डाणं मोजत होते, पण ती सगळी एकाच कंपनीची आहेत, याचा विचार केला नव्हता.

खिडकीची जागा
एक गोष्ट राहिली. प्रवास करायचा नाही असं ठरलं तर तिकीट तसंच वाया घालवू नका, रद्द करा. डीजीसीएच्या, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त घेता येत नाही. कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळतात, अगदी 'परतावा नाही' लिहिलेल्या तिकिटावरही. फ्लेक्सीबद्दल माझं मत बदललेलं नाही. जी सायकल पुढे जायची शक्यता जास्त, निदान तिच्यासाठी तरी घ्याच.

सीताबर्डी
आणि तारीख बदलताना विमानतळ बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. ठाण्याहून निघताना चुकीचा विमानतळ गाठला तर गेलंच विमान.

ठाण्याची लेक
हे लक्षातच आलं नव्हतं. पुढचा रिपोर्ट गुरुवारी आहे. दोन्ही कंपन्यांच्या ॲपमध्ये माझी माहिती आजच भरून ठेवते.