मदत हवी आहे: 'शॅडोज ऑफ रोझ'वरून समीक्षकांत दोन तट का पडले?

धागाकर्ती: सुरसागर

मंडळी, नमस्कार. आमच्या बडोद्याला दांडिया बाजारात एक छोटं मंडळ आहे. कोजागिरीला दूध-पोहे समोर येण्याआधी तिथे कुणीतरी नाटकावर नाहीतर पुस्तकावर बोलतं. यंदा 'तरुणांनी बोलावं' असं ठरलं आणि घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. मी विषय दिला: 'रेसिडेंट इव्हिल व्हिलेज' या भीतिदायक व्हिडिओ गेमची 'शॅडोज ऑफ रोझ' ही डीएलसी (मूळ गेमला नंतर जोडलेला, वेगळा विकलेला भाग) आणि तिच्यावर आलेली समीक्षा. कार्यकारिणीने विषय एकदा वाचला, परत वाचला आणि मंजूर केला. आता श्रोत्यांत निम्मे सत्तरीपुढचे, कंट्रोलर कधी हातात न धरलेले. त्यांना उंटावरून शेळ्या हाकणारं भाषण द्यायचं नाहीये, म्हणून इथे आले.

ज्यांनी खेळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथून पुढे सगळ्या धाग्यात स्पॉयलर आहेत.

मूळ गेम कॅपकॉम या जपानी कंपनीचा, मे २०२१ मधला. ईथन विंटर्स आपल्या तान्ह्या मुलीला, रोझला, शोधत एका बर्फाळ गावात जातो आणि शेवटी तिच्यासाठी जीव देतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'विंटर्स एक्स्पान्शन' आलं, त्यातला कथाभाग म्हणजे 'शॅडोज ऑफ रोझ'. सोळा वर्षं उलटली आहेत. रोझच्या अंगात बुरशीतून आलेली शक्ती आहे, त्यापायी शाळेत मुली तिला छळतात, आणि तिला ती शक्ती नकोशी झाली आहे. उपाय सापडेल या आशेने ती मेगामायसीटच्या जाणिवेत शिरते. मेगामायसीट म्हणजे मेलेल्यांच्या आठवणी साठवून ठेवणारी ती मूळ बुरशी. आत तिला भेटतो तोच किल्ला, तेच बेनेव्हिएंटोचं बाहुल्यांचं घर, तेच गाव.

बहुतेक रिव्ह्यूंचा रोख इथेच आहे: जुन्याच जागा पुन्हा वापरल्या, लांबी जेमतेम तीन-चार तास, लढाईत नवं फार काही नाही. कौतुक झालं ते बाहुल्यांच्या घराचं आणि बापलेकीच्या शेवटाचं. शेवटावरही एकमत नाही, काहींना तो गोडमिट्ट वाटला.

मला मात्र डीएलसी मनापासून आवडली. रोझला वाट दाखवणारा कुणीतरी 'मायकेल' आहे. तो दिसत नाही, बोलत नाही, फक्त भिंतीवर, जमिनीवर चमकती अक्षरं उमटवतो. 'पळ', 'इकडे', असं. तो कोण हे कळल्यावर मी हेडफोन काढून ठेवले. बाहेर गरबा ऐन भरात होता, तो मला तेव्हा ऐकू आला.

प्रश्न असा: 'जुन्या जागा' हा खरंच दोष आहे का? रोझ त्या गावात होती तेव्हा तान्ही होती. तिच्या दृष्टीने त्या जागा जुन्या नाहीतच, जुन्या आहेत त्या आपल्याला. मग समीक्षक चुकले असं म्हणू का? आणि सगळ्या रिव्ह्यूंमधून एक नीट धागा कसा काढू?

---

निशाचर

विषय मंजूर करणाऱ्या कार्यकारिणीला साष्टांग नमस्कार.

तुमचा युक्तिवाद कागदावर ठीक आहे, पण कंट्रोलर रोझच्या हातात नसतो हो, आपल्या हातात असतो. किल्ल्यात कुठलं दार कुठे उघडतं हे मला पाठ होतं. रोझ घाबरून पावलं टाकतेय आणि मी मनात म्हणतोय, 'बाई, डावीकडे जिना आहे.' भयकथेत वाट माहीत असली की निम्मी भीती तिथेच संपते. समीक्षकाने तेवढं म्हटलं तर तो चुकला कसा?

---

काळा चष्मा

आकड्यांबद्दल दोन शब्द, कारण भाषणात मेटाक्रिटिकचा (सगळ्या रिव्ह्यूंच्या गुणांची सरासरी काढणारी साइट) आकडा फेकायचा मोह तुम्हाला होणारच.

डीएलसीच्या सरासरीवर फार विसंबू नका. मूळ गेमला जितके रिव्ह्यू येतात त्याच्या मानाने डीएलसीला फारच कमी येतात. आणि लिहितं कोण? ज्याला मूळ गेम आवडला होता तोच बहुतेकदा डीएलसीचं काम अंगावर घेतो. म्हणजे गाळून उरलेल्या लोकांची ती सरासरी. शिवाय मेटाक्रिटिक सगळ्यांना सारखं वजन देत नाही, आणि गेमसाठी ७५ ला हिरवा रंग सुरू होतो, ७४ ला पिवळा. एका गुणाने रंग बदलतो आणि खाली भांडणं जुंपतात.

दुसरं. 'विंटर्स एक्स्पान्शन'मध्ये तीन गोष्टी एकत्र विकल्या: रोझची कथा, मूळ गेम थर्ड पर्सनमधून (पात्राच्या डोळ्यांतून नाही, त्याच्या पाठीमागून बघत) खेळायची सोय, आणि 'मर्सिनरीज' या निव्वळ लढाईच्या खेळात नवी पात्रं. किंमत २० डॉलरच्या आसपास. काहींनी सगळ्या गाठोड्याला गुण दिले, काहींनी फक्त रोझच्या कथेला. ज्याला थर्ड पर्सन आवडलं त्याचे गुण त्यामुळेही चढले असतील. ही दोन प्रकारची परीक्षणं एका ताटात वाढू नका.

(अवांतर: थर्ड पर्सनमध्ये कॅमेरा फिरवून ईथनचा चेहरा बघायला जा, पठ्ठ्या मान वळवतो. कॅपकॉमचा हा खोडसाळपणा मला सगळ्या डीएलसीपेक्षा जास्त आवडला.)

---

मीठभाकर

निशाचर, तुमचं म्हणणं पटतं, पण मग 'सेपरेट वेज'चं काय? 'रेसिडेंट इव्हिल ४'च्या रीमेकची ती डीएलसी, सप्टेंबर २०२३. तिथेही तेच गाव, तोच किल्ला, तेच बेट. नायक लिऑनऐवजी एडा वाँग, एवढाच फरक. तरी समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. जुन्या जागा हाच गुन्हा असता तर तिलाही तीच शिक्षा व्हायला हवी होती.

---

निशाचर

@मीठभाकर, चांगला पेच टाकलात. पण एडाच्या हातात हूकची बंदूक आहे. लिऑन ज्या अंगणातून धडपडत जातो, त्याच अंगणावरून ती छपरावर उडते, लांबच्या शत्रूला हूकने गाठून लाथ घालते. जागा तीच, हालचाल वेगळी. त्यात रीमेकमधून गाळलेला लेझरचा बोळ या डीएलसीत परत आणला, त्याने जुने चाहते खूश. आणि किंमत १० डॉलर, म्हणजे निम्मी. निम्म्या पैशात जास्त तास मिळाले तर समीक्षकही माणूसच आहे.

---

धूमकेतू

तासांचा हिशोब मला नेहमी खटकतो. 'द लास्ट ऑफ अस'ची 'लेफ्ट बिहाइंड', फेब्रुवारी २०१४. दोन-अडीच तासांत संपते. त्या वेळीही 'एवढ्याशा गोष्टीला एवढे पैसे?' अशी कुरकुर झालीच होती. पुढे २०१५ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांत कथेचं पारितोषिक तिलाच मिळालं, आणि नायिका एलीचं काम करणाऱ्या ॲशली जॉन्सनलाही अभिनयाचं.

त्यात काय आहे? एक बंद पडलेला मॉल, दोन मुली, फोटो काढायचं यंत्र, लहान मुलांचं फिरतं चक्र. बराच वेळ कुणी कुणाला मारत नाही. मूळ गेममध्ये ज्या एलीला आपण चाकू चालवताना पाहतो, ती इथे पाणी उडवायच्या बंदुकीने खेळते. 'तास किती' हा प्रश्न तिथे कुणाला फार वेळ पडला नाही, कारण मूळ गेममध्ये जे करायला मिळत नव्हतं तेच इथे करायला मिळालं.

सुरसागर, श्रोते वयस्कर असतील तर हे उदाहरण त्यांच्यापर्यंत पोचेल. मॉल सगळ्यांना माहीत असतो.

---

आजोबा बडोदेकर

मी गेम खेळत नाही, नातू खेळतो, मी मागे बसून बघतो आणि शिव्या खातो. पण नाटकं भरपूर पाहिली आहेत, म्हणून बोलतो.

संगीत नाटकांच्या काळी कंपनीकडे रंगवलेले ठरावीक पडदे असत. राजवाडा, रस्ता, बगीचा. नाटक कुठलंही असो, बगीचा तोच. 'हाच बगीचा गेल्या आठवड्यात पाहिला होता' म्हणून प्रेक्षक पैसे परत मागत नसे. पडद्यापुढे नायिका उभी राहून काय गाते यावर सगळं ठरे. पण तीच नायिका, तेच पद, तसंच गायली, तर मात्र पिटातून आवाज येई.

तेव्हा सुरसागर बेटा, जुन्या पडद्याचं सोड. पडद्यापुढे रोझ नवीन काय करते ते सांग. तुझ्याच लिखाणात आहे की बाहुल्यांच्या घराचं कौतुक झालं. ते घर तर जुनंच ना?

---

सुरसागर

आजोबा! हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं. एकट्या बसून विचार केला की असं होतं.

खरंच, सगळ्यात जास्त वाहवा झालेला भाग जुन्याच घरात घडतो. मूळ गेममध्ये ईथन तिथे बिनहत्याराचा असतो, एक प्रचंड बाळ त्याच्या मागे लागतं, आणि तो लपत फिरतो. बहुतेकांना तोच भाग सर्वांत जास्त आठवतो. म्हणजे तिथे पुन्हा जाणं किल्ल्यापेक्षाही जोखमीचं होतं. पण रोझ गेली की तिथले पुतळे हलतात, आणि हलतात ते आपण नजर काढल्यावरच. कॅमेरा पुतळ्यावर ठेवला तर पुढची वाट दिसत नाही, वाटेकडे वळवला तर मागे काहीतरी सरकल्याचा आवाज येतो. मी कॅमेरा पुतळ्यावर रोखून उलट्या पावलांनी चालत होते आणि भिंतीला आपटत होते. घराचा नकाशा माहीत असून काडीचा उपयोग नव्हता. निशाचर, तुमचा 'डावीकडे जिना आहे' इथे चालला का?

---

निशाचर

नाही चालला. शरणागती.

पण अर्धीच. किल्ल्याच्या बाबतीत मी हटणार नाही. तिथे रोझला दिलेली शक्ती म्हणजे काय, तर बुरशीचे गोळे फोडून रस्ता मोकळा करायचा आणि चालून येणाऱ्या राक्षसाला क्षणभर थिजवून त्याच्यावर पिस्तूल झाडायचं. पिस्तूल आणि शॉटगन ईथनकडेही होतीच. ज्या शक्तीचा तिला तिटकारा आहे, जिच्यापायी तिचं आयुष्य नासलं, ती वापरताना हाताला वेगळं काही जाणवायला नको का? कथा म्हणते शाप, कंट्रोलर म्हणतो आणखी एक बटण. समीक्षकांचा राग तिथला आहे आणि त्यांनी तो जागांवर काढला, असं माझं मत.

---

मीठभाकर

+१. हेच वाक्य भाषणात घ्या.

जोडीला 'द एव्हिल विदिन' या दुसऱ्या भयगेमची 'द असाइनमेंट' ही डीएलसी सांगा, २०१५ ची. मूळ गेममध्ये नायक सेबास्टियन बंदुका घेऊन फिरतो. डीएलसीत ज्युली किडमनकडे बहुतेक वेळ हत्यारच नाही, टॉर्च घेऊन लपत जायचं. जग तेच, पण बंदूक काढून घेतल्याबरोबर भीती परत आली. त्या कथेचा पुढचा भाग 'द कॉन्सिक्वेन्स' वेगळा विकला, ते मात्र मला पटलं नाही.

---

काळा चष्मा

म्हणजे सुरसागर, 'समीक्षक चुकले' म्हणायची गरजच उरली नाही. त्यांना काहीतरी खुपलं हे खरं, पण त्यांनी दिलेलं कारण अपुरं होतं, एवढं म्हटलं तरी पुरे. हे समीक्षेत नेहमी होतं. कंटाळा खरा असतो, त्याचं कारण हाताशी येईल ते लिहिलं जातं, कारण डेडलाइन संध्याकाळी असते.

विकत घेणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) डीएलसीचे पैसे परत मिळतात, पण खरेदीपासून चौदा दिवसांत, आणि डीएलसी घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच. तीन तासांची डीएलसी चाखून परत करीन म्हणाल तर अर्ध्यावरच निर्णय घ्यावा लागेल.

---

सुरसागर

सगळ्यांचे आभार. आराखडा असा ठरवला आहे: मेटाक्रिटिकचं नावसुद्धा नाही (काळा चष्मा, माफी). आधी दोन मिनिटांत कथा, मग आजोबांचा पडदा (त्यांच्या परवानगीने), मग किल्ला आणि बाहुल्यांचं घर शेजारी-शेजारी, शेवटी 'लेफ्ट बिहाइंड'चा मॉल. वेळ उरला तर एडाचा हूक.

शेवटाबद्दल मी माझी बाजू सोडणार नाही. काही रिव्ह्यूंना तो भाबडा वाटला. पण ज्या मुलीला बाप आठवतही नाही, तिला तो आधी फक्त अक्षरांतून भेटतो, हे मला अजूनही फार नेटकं वाटतं. श्रोत्यांत मुली सासरी गेलेले बरेच काका आहेत. बघू कोण भाबडं म्हणतं ते.

आता राहिलेला प्रश्न. पुतळ्यांचा भाग प्रोजेक्टरवर दोन मिनिटं दाखवावा असा विचार आहे. हॉलचे दिवे घालवावेत का?

---

धूमकेतू

दाखवा, पण आधी श्रोत्यांत मुलं किती आहेत ते बघा. गेमला १८ वर्षांवरचं रेटिंग आहे, आणि कोजागिरीला घरची पोरं येतातच. पुतळ्यांच्या भागात रक्त कमी आहे म्हणून फसू नका, झोप तोच उडवतो. मुलांना तेवढा वेळ बाहेर दूध आटवायला पाठवा.

---

आजोबा बडोदेकर

दिवे चालू ठेव. आमच्यातले अर्धे अंधार झाला की घोरतात.