ओटीपी आहे ना, मग कार्ड सुरक्षित! (म्हणे)

कर्वेरोडी:
काल एका महाशयांनी लिहिलं, 'ओटीपी असताना फसतात ते स्वतःच्या मूर्खपणाने.' तर मूर्ख हजर आहे. रात्री अडीचला मी गाढ झोपेत, मोबाईल उशाशी, आणि परदेशी साइटवर 412 डॉलर गेले. ओटीपी नाही, थेट पैसे गेल्याचा मेसेज! 1 ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन खरेदीला जादा खातरजमा (ओटीपी वगैरे) सक्तीची झाली, ती इथल्या दुकानदारांपुरती. बाहेरच्याला नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरले. बँकेचं यंत्र काय घोरत होतं?

माजी बँकवाला:
घोरत नव्हतं. रक्कम, वेळ, देश, मोबाईल ओळखीचा की नवा, पाठोपाठ किती व्यवहार, हे बघून व्यवहार किती संशयास्पद याचे क्षणात गुण देतं. गुण कमी आले, सोडलं. पण बँकेच्या ॲपमधलं परदेशी व्यवहाराचं बटण चालू कुणी ठेवलं? मार्च 2020 नंतरच्या कार्डांवर ते मुळात बंद येतं.

कर्वेरोडी:
मुलाच्या जीआरईच्या (परदेशी शिक्षणासाठीची परीक्षा) फीसाठी चालू केलं, राहिलं. म्हणून चोराला आमंत्रण?

बावधनची काकू:
माझं उलट. लेकीची जर्मनीतली फी, शेवटचा दिवस, तीनदा नाकारली. 'संशयास्पद' म्हणे! कस्टमर केअरला 'मराठीसाठी चार दाबा', दाबलं, तरी बाई हिंदीतच.

पेठेतला:
काकू, खरा मुद्दा हाच! मी चाळीस मिनिटं मराठीच रेटली. शेवटी कोल्हापूरची मुलगी आली लाइनवर.

निगडीकर:
चोर मात्र अस्खलित मराठी बोलतात. केवायसीच्या नावाने मला फसवायला फोन करणारा तर 'अहो काका' म्हणत होता.

पेठेतला:
म्हणजे मराठीचा आग्रह धरणारे बावळट?

निगडीकर:
असं कुठे म्हटलं? स्वतःच टोपी घालून घेताय.

माजी बँकवाला:
हिंदी बोललं तर बिघडलं काय?

पेठेतला:
बोलले! मराठी ठेवीदारांच्या जिवावर पगार खाल्लेले!

माजी बँकवाला:
वैयक्तिक होऊ नका. कर्वेरोडी, बँकेला कधी कळवलंत?

कर्वेरोडी:
सकाळी साडेसहाला.

माजी बँकवाला:
मग रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक दाखवा. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर शून्य भुर्दंड. चूक तुमची होती हे बँकेनं सिद्ध करायचं.

कर्वेरोडी:
हे बँकेनं फोनवर सांगायला काय झालं होतं? असो. एवढ्यापुरते तुम्ही बरोबर. बटण बंद केलंय, खूश?

बावधनची काकू:
आणि माझ्या फीचं काय? मी अजून चार दाबून बसलेय.