खानापूर भागातील कौलारू घर हिवाळ्यात उबदार कसे ठेवावे?

जांबोटी_परिसर
नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीजवळच्या गावात आमचे जुने घर आहे. भिंती मातीच्या, दीड हात जाड. वर मंगळुरी कौले, आणि आत छत नसल्यामुळे अंथरुणावरून थेट आढे-वासे दिसतात. घरामागे अलीकडे सिमेंटच्या विटांची एक खोली बांधली असून तिच्यावर पत्रा आहे. मार्गशीर्ष लागला की पहाटेचा गारठा दोन्हीकडे असह्य होतो, आणि सासूबाईंचे वय पाहता यंदा कायमची काही तजवीज करावी असे आम्ही ठरवले आहे. एका ठेकेदाराने सर्व भिंतींना आतून थर्माकोल लावून वर प्लायवूड ठोकण्याचे सुचवले आहे. एवढा खर्च भिंतींवरच करावा की आणखी कोठे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बांधकाम_निपाणी
ताई, मातीच्या भिंती आतून झाकू नका. पैसा छतावर घाला.

आपल्याकडच्या घरात हीटर नसतो. घरात ऊब येते ती दिवसाच्या उन्हाने, चुलीने आणि माणसांच्या वावराने, आणि उष्णतारोधक थर ती ऊब फक्त धरून ठेवतो, निर्माण करत नाही. तुमची जाड भिंत दिवसा उष्णता पोटात घेते आणि रात्री हळूहळू सोडते. तिच्यावर आतून थर्माकोल चढवला तर तो साठा खोलीपासून तुटतो. शिवाय जांबोटीच्या पावसात भिजलेली भिंत दिवाळीनंतरही पुरती वाळलेली नसते, त्यामुळे प्लायवूडच्या मागे ओल कोंडून वाळवी लागण्याचा धोका मोठा आहे. ओल हाच थंडीचाही खरा साथीदार आहे. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते, म्हणून ओली भिंत नेहमीच जास्त गार लागते. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढा, आणि भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढून चुन्याचा किंवा मातीचा करून घ्या.

आता छताचे. गरम हवा वर चढते आणि कौलांच्या सांध्यांतून निघून जाते; छताविना घरात ती अडवायला काहीच नाही. झोपण्याच्या खोल्यांवर भिंतीच्या उंचीला तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचे छत, करावी किंवा बांबूची तट्टी बसवून खालून लिंपावी, आणि तिच्यावर १०० मिलिमीटर जाडीचा भाताच्या तुसाचा थर पसरावा. खानापूर तालुक्यात तूस मुबलक मिळते, ते उष्णता चांगली अडवते आणि या जाडीला चौरस मीटरमागे वजन साधारण १० किलोच होते. तूस पूर्ण वाळवून, चाळून, चुन्याची भुकटी मिसळूनच घालावे. त्यात दाणे राहिले तर उंदीर हमखास येतात.

कणकुंबी_घाटमाथा
वरील सल्ला बहुतांशी पटतो, पण तुसाबाबत माझे मत वेगळे आहे. आमच्या पट्ट्यात वानरे कौलांवर उड्या मारतात, कौले सरकतात, आणि एका रात्रीच्या पावसात तूस भिजले की ते कुजते. दरवर्षी मृगाआधी नीट शाकारणी (कौले परतणे) होत असेल आणि कौलांखाली पाणी अडवणारा कागद असेल तरच तूस घालावे. अन्यथा रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर, बरे. ते महाग आहे, परंतु कुजत नाही आणि पेटत नाही. ते हाताळताना तोंडावर मास्क आणि अंगभर कपडे मात्र हवेत.

दुसरे असे की, चुलीच्या वर छत बंद करू नका. जुन्या घरात धूर कौलांतूनच बाहेर पडतो. छत करायचेच असेल तर आधी धुराडे काढावे.

कॅम्प_बेळगाव
पत्र्याच्या खोलीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून बाहेरच्या हवेहूनही गार होतो, आणि खोलीतली दमट हवा त्याला लागून पहाटे थेंब गळू लागतात. इथे थर्माकोलचा उपयोग आहे: ५० मिलिमीटर जाडीचा थर उष्णता अडवण्यात सुमारे एक मीटर जाडीच्या विटांच्या भिंतीच्या तोडीचा असतो. मात्र तो सहज पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून खालून जिप्सम बोर्डाने पूर्ण झाकणे आवश्यक आहे, आणि विजेच्या तारा नळीतूनच न्याव्यात. पत्रा आणि थर यांमध्ये हवा खेळती राहील एवढे अंतर ठेवा.

खिडकी दक्षिणेला असेल तर तिचा पुरेपूर फायदा घ्यावा. डिसेंबरच्या अखेरीस बेळगाव परिसरात सूर्य भर दुपारीही दक्षिण क्षितिजापासून सुमारे ५१ अंशच वर येतो, त्यामुळे ऊन खोलीत शिरते. दिवसा पडदे सारून ठेवावेत आणि ऊन कलताच, हवा गार होण्याआधी, दारे-खिडक्या मिटाव्यात.

परिचारिका_चिकोडी
या सर्व कामांनंतर घर अधिक बंदिस्त होईल, म्हणून एक विनंती कळकळीने करते. कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत कधीही ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. झोपेतल्या माणसाला जाग येत नाही आणि बंद खोलीत मृत्यू ओढवतो. विझत आलेले निखारेही तितकेच घातक असतात. सासूबाईंना शेकायचे असेल तर ते दार उघडे ठेवून, जागेपणी, आणि नंतर शेगडी अंगणात न्यावी. झोपताना गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पायाशी द्यावी.

जांबोटी_परिसर
सर्वांचे मनापासून आभार. ठेकेदाराला भिंतींचे काम नको म्हणून कळवले आहे. शाकारणी यंदा झालेली नाही, तेव्हा तक्तपोशी आता करून तूस पुढच्या वर्षी घातले तर चालेल का?

बांधकाम_निपाणी
चालेल. तोपर्यंत तक्तपोशीच्या फळ्यांमधील फटी भरून वर जुनी घोंगडी पसरा, आणि बाहेरच्या दारांच्या उंबऱ्याशी रबरी पट्ट्या लावून घ्या. कौले परतायला माणूस मात्र चैत्रातच सांगून ठेवा, वैशाखात कोणी मिळत नाही.