‘आय ॲम कमिंग फ्रॉम सातारा’: गाव सांगताना इंग्रजीत नेमकं काय चुकतं?

कृष्णाकाठ:
बारावी झालेल्या मुलांकडून इंग्रजी मुलाखतीचा सराव करून घेतोय. पहिलाच प्रश्न ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ आणि उत्तरं चार तऱ्हेची: ‘आय ॲम कमिंग फ्रॉम सातारा’, ‘आय बिलाँग टू सातारा’, ‘माय नेटिव्ह प्लेस इज सातारा’, ‘आय हेल फ्रॉम सातारा’. यातलं चूक काय आणि चालण्यासारखं काय? नुसतं ‘असं म्हणत नाहीत’ म्हटलं की मुलं पुन्हा तेच बोलतात, म्हणून कारणासकट हवंय. जन्म एकीकडे, शिक्षण दुसरीकडे, राहणं तिसरीकडे असेल तर कुठला काळ वापरायचा?

खडू_फळा:
मराठीत हा फरक प्रत्यय दाखवतो: ‘मी साताऱ्याचा’ आणि ‘मी साताऱ्याहून येतोय’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘फ्रॉम’च आहे, त्यामुळे सगळा भार क्रियापदाच्या काळावर पडतो.

‘आय ॲम फ्रॉम सातारा’ किंवा ‘आय कम फ्रॉम सातारा’, म्हणजे मी मूळचा तिथला. इथे साधा वर्तमानकाळच लागतो, कारण मूळ ही चालू असलेली क्रिया नाही.
‘आय ॲम कमिंग फ्रॉम सातारा’, म्हणजे मी आत्ता वाटेत आहे, गाडीत बसलोय.
‘आय हॅव कम फ्रॉम सातारा’, म्हणजे तिथून आलोय, नुकताच पोचलोय. मुलाखतीला सकाळच्या एसटीने आलेल्या पुण्याच्या मुलीलाही हे म्हणता येईल, जर ती आदल्या रात्री साताऱ्यात मुक्कामाला असेल.

मुलांना एवढं विचारा: ‘तू साताऱ्याचा आहेस की साताऱ्याहून निघालायस?’ उत्तर मराठीत आलं की इंग्रजीतला काळ आपोआप ठरतो.

‘बिलाँग टू’मध्ये मालकी किंवा सभासदत्व आहे. वही माझी असते, मी एखाद्या मंडळाचा सभासद असतो. गावासाठी ते स्कॉटलंडच्या बोलीत चालतं, प्रमाण इंग्रजीत नाही. आपल्याकडे ते ‘चा-ची-चे’वरून आलंय. ‘हेल फ्रॉम’ व्याकरणाने शुद्ध आहे, पण पुस्तकी. व्यासपीठावर पाहुण्यांची ओळख करून देताना शोभतं, स्वतःबद्दल बोलताना अवघडलेलं वाटतं.

मधली_सुट्टी:
‘नेटिव्ह प्लेस’ला सरसकट चूक ठरवू नका. भारतातल्या इंग्रजीत तो रुळलेला शब्द आहे आणि समोरचा भारतीय असेल तर अर्थ बिनचूक पोचतो, कारण ‘मूळ गाव’ ही कल्पनाच आपली आहे: आजोबांचं घर तिथे, आपला जन्म कदाचित मुंबईचा. परदेशी माणसासमोर मात्र तो खटकतो. तिथे ‘माय फॅमिली इज ओरिजिनली फ्रॉम सातारा’ म्हणावं. ‘होमटाउन’ म्हणजे जिथे लहानाचे मोठे झालो ते गाव. आजोळ किंवा पणजोबांचं गाव त्यात बसत नाही. आयईएल्टीएसच्या बोलण्याच्या परीक्षेत पहिल्या चार-पाच मिनिटांत होमटाउनवर प्रश्न येऊ शकतात, तेव्हा हे ठरवूनच जावं.

आता काळ.
जन्म: ‘आय वॉज बॉर्न इन वाई’. ‘आय ॲम बॉर्न’ नाही. घटना होऊन गेली.
वाढलो: ‘आय ग्र्यू अप इन सातारा’.
राहतो: ‘आय लिव्ह इन पुणे’. किती काळ ते सांगायचं असेल तर ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ किंवा ‘सिन्स 2019’. सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक म्हणजे ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’. तिच्यात दोन चुका एकावर एक आहेत: काळ पूर्ण वर्तमान हवा, आणि कालावधीला ‘फॉर’, सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’.

घाटमाथा:
क्रमाकडेही बघा. आपण मोठ्याकडून लहानाकडे येतो: सातारा जिल्हा, कराड तालुका, उंब्रज. इंग्रजी लहानाकडून मोठ्याकडे जातं: ‘उंब्रज, अ व्हिलेज निअर कराड, इन सातारा डिस्ट्रिक्ट’. परदेशात ‘तालुका’ कुणाला कळत नाही, तो सरळ गाळा आणि ओळखीच्या शहरापासूनचं अंतर द्या: ‘सातारा इज अबाउट हंड्रेड अँड टेन किलोमीटर्स साउथ ऑफ पुणे’. इथे ‘इन द साउथ ऑफ पुणे’ म्हणालात तर सातारा पुणे शहराच्या आत जाऊन बसतो. ‘साउथ ऑफ’ म्हणजे हद्दीबाहेर दक्षिणेला, ‘इन द साउथ ऑफ’ म्हणजे आतला दक्षिण भाग.

कृष्णाकाठ:
आभार, काळाचं कारण उद्याच वर्गात सांगतो. उलट बाजूचंही सांगा. मुलांनी प्रश्न विचारायचा तर? ‘फ्रॉम व्हेअर आर यू?’ फार ऐकतो.

खडू_फळा:
‘फ्रॉम’ शेवटी: ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ शेवटचा ‘फ्रॉम’ गिळला तर प्रश्न ‘तू कुठे आहेस?’ असा होतो, म्हणून तो उच्चारातही स्पष्ट हवा. वाक्याच्या मध्ये तोच शब्द आखूड होतो, जवळजवळ ‘फ्रम’: ‘आय ॲम फ्रम सातारा’, जोर साताऱ्यावर. मुलं नेमकं उलट करतात.

‘डझ’ आला की क्रियापदाचा ‘एस’ जातो: ‘व्हेअर डझ शी कम फ्रॉम?’, ‘कम्स’ नाही. प्रश्न दुसऱ्या वाक्यात गुंफला तर क्रम सरळ होतो: ‘कॅन यू टेल मी व्हेअर यू आर फ्रॉम?’ समोरचा महाराष्ट्रातलाच आहे हे माहीत असेल तर ‘विच पार्ट ऑफ महाराष्ट्र आर यू फ्रॉम?’ जास्त बरं.

देशांच्या नावांपुढे सहसा ‘द’ नसतो: ‘फ्रॉम इंडिया’, ‘फ्रॉम जपान’. पण ‘द यूके’, ‘द यूएई’, ‘द नेदरलँड्स’, ‘द फिलिपीन्स’. आणि ‘ही इज फ्रॉम फॉरेन’ नाही, ‘ही इज फ्रॉम अब्रॉड’. देश ठाऊक असेल तर देशाचंच नाव घ्या.